प्रभूच्या येण्याची तयारी आणि नीतिमान जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलचा शास्त्राभ्यास असतो. मी पाळक नाही. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे आणि हा अभ्यास घेतो. कोरोनाच्या वर्षापासून पाहतोय, शास्त्रातलं कुठलंही पुस्तक उघडलं तरी प्रश्न फिरून प्रभू येशूच्या दुसऱ्या येण्यावर येतात. काही कुतूहलाने विचारलेले असतात, काही भीतीने. उपासना संपल्यावर चपला घालता घालता कुणीतरी हळूच विचारलेले बहुतेक भीतीचेच असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

शेवटचा काळ खरंच सुरू झाला आहे का?

हो, पण तो काल-परवा सुरू झालेला नाही. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी प्रभूचा शिष्य पेत्र यरुशलेमेत उभा राहिला आणि योएल संदेष्ट्याने ‘शेवटल्या दिवसां’विषयी जे सांगितलं होतं ते हेच, असं त्याने लोकांना सांगितलं (प्रेषितांची कृत्ये २:१६-१७). इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच ओळींत हेच शब्द येतात. योहान तर ‘शेवटली घटका’ म्हणतो (१ योहान २:१८). शास्त्राच्या हिशेबाने प्रभूच्या पुनरुत्थानापासून त्याच्या येण्यापर्यंतचा सगळा काळ शेवटचाच आहे. आपली आजी याच काळात जगली, तिची आजीही.

म्हणून ‘आता शेवट जवळ आला, आता नीट वागू या’ हे म्हणणं मला पटत नाही. नीट वागायचं ते पहिल्या दिवसापासूनच होतं. आणि उशीर का, याचं उत्तर पेत्राने देऊन ठेवलं आहे. कोणाचाही नाश होऊ नये, सगळ्यांनी पश्चात्ताप करावा म्हणून प्रभू धीर धरतो आहे (२ पेत्र ३:९). आज सकाळी उजाडलं ते त्याच धीरामुळे.

अमुक तारखेला प्रभू येणार, असा मेसेज ग्रुपवर आला आहे. विश्वास ठेवायचा का?

नाही. आणि पुढेही पाठवू नका.

असा मेसेज नवा नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीत अगदी हेच झालं होतं. प्रेषित पौलाच्या नावाने एक पत्र फिरत होतं किंवा फिरत असल्याचा त्याला संशय होता, आणि प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असं त्यात म्हटलेलं होतं. पौलाला लिहावं लागलं की आमच्याकडून म्हणून आलेल्या पत्राने, वचनाने किंवा आत्म्याच्या नावाने सांगितलेल्या कशानेही एकदम घाबरून जाऊ नका (२ थेस्सलनीकाकरांस २:२). ही गोष्ट साधारण इसवी सन ५० च्या सुमाराची. म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाला अजून पंचवीस वर्षंही झाली नव्हती.

त्यानंतर किती तारखा आल्या आणि गेल्या! अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाने दानीएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस वर्षं म्हणून मोजले. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. काहींनी शेतातलं पीक काढलं नाही. रात्र सरली, सकाळ झाली, आणि इतिहासात त्या दिवसाचं नाव ‘मोठी निराशा’ असं राहिलं. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री हजारो लोक पांढरे कपडे घालून बसले होते. तिथल्या पंथाच्या पुढाऱ्यावर पुढे फसवणुकीचा गुन्हा सिद्ध झाला. त्याने पैसे गुंतवलेल्या रोख्यांची मुदत त्याने सांगितलेल्या तारखेच्या पुढची होती. अमेरिकेतल्याच हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्याने आपली चूक लेखी कबूल केली.

तारीख चुकली एवढ्यावर हे थांबत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांनी नोकरी सोडली, घर विकलं, मुलांची शाळा बंद केली, त्यांचं पुढे काय? कित्येकांचा विश्वासच गेला. प्रभूने फसवलं असं त्यांना वाटलं, आणि प्रभूने तर काही सांगितलेलंच नव्हतं. त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हे त्याचेच शब्द आहेत (मार्क १३:३२). जे पुत्राने स्वतःला ठाऊक नाही म्हणून सांगितलं, ते ठाऊक असल्याचा दावा आपल्यापैकी कोणीही करू नये.

मग युद्धं, भूकंप, महामारी ही चिन्हं नाहीत का?

आहेत. पण प्रभूने ती कशासाठी सांगितली ते नीट वाचा. लढायांविषयी ऐकाल, तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असं सांगून तो म्हणतो की या सगळ्या वेदनांचा आरंभ आहेत (मत्तय २४:६-८). तो शब्द बाळंतपणाच्या कळांचा आहे. कळा सुरू झाल्या की बाळ येणार हे नक्की. कधी, ते सुईणसुद्धा घड्याळ लावून सांगत नाही. घरातली माणसं पाणी तापवतात, धुतलेली लुगडी काढून ठेवतात. अंगणात बसून मिनिटं मोजणारा काही कामाचा नसतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, माणसं विसर्जन करून दमून झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती चारच्या सुमाराला अंगावर आल्या. आमच्या मंडळीने ब्लँकेटं, भांडी, पीठ गोळा करून टेम्पो भरला. जाताना मागे बसलेल्या एका तरुणाने विचारलं, “त्यांनी असं काय पाप केलं असेल हो?” आमच्यातले एक वयस्कर भाऊ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “शिलोहाचा बुरूज वाच.” लूक १३ मध्ये ती गोष्ट आहे. बुरूज पडून अठरा माणसं मेली. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते असं समजू नका, असं प्रभूने ऐकणाऱ्यांना बजावलं आणि पश्चात्तापाचा प्रश्न त्यांच्याकडेच वळवला. दुसऱ्याच्या घरावर भिंत पडली की आपण आपल्याकडे पाहायचं आणि हातात घमेलं-फावडं घ्यायचं. त्या भावांनी नंतर सहा दिवस ढिगारे उपसले.

आणि एक चिन्ह आहे, त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही. अनीती वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती थंड होईल (मत्तय २४:१२). हे टीव्हीवर दिसत नाही, आपल्याच घरात शोधावं लागतं. बापाशी सहा महिने बोललेलो नाही, शेजारीण दवाखान्यात होती आणि मी गेले नाही, ही त्या चिन्हाची उदाहरणं आहेत.

आधार कार्ड, बारकोड, लस किंवा चिप ही श्वापदाची खूण आहे का?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. या भीतीने लस न घेतलेली, रेशन सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी हा प्रश्न नव्या वस्तूचं नाव घेऊन येतो. आधी बारकोड होता, मग आधार, मग लस, आता चिप. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण १३ मध्ये, एक श्वापद लोकांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण करवतं, तिच्याशिवाय कोणाला विकत घेता-विकता येत नाही, आणि त्या श्वापदाचा आकडा ६६६ सांगितला आहे. तिथे मात्र खूण एकटी येत नाही, ती श्वापदाला केलेल्या नमनाबरोबर येते. हे लिहिणारा योहान पात्म बेटावर होता आणि ज्या सात मंडळ्यांना त्याने लिहिलं त्या आजच्या तुर्कस्तानातल्या गावांतल्या. इफिस, स्मुर्णा, पर्गम इथे रोमी सम्राटाची मंदिरं होती. कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघांची जेवणं मूर्तीपुढे व्हायची, आणि त्यात न बसणाऱ्याला धंदा करणं जड जायचं. विकत घेणं-विकणं बंद होईल हे वाक्य त्या लोकांना लगेच कळलं असणार. ६६६ हा आकडा बऱ्याच अभ्यासकांच्या मते ‘नेरो कैसर’ या नावाच्या इब्री अक्षरांची बेरीज आहे. काही जुन्या हस्तलिखितांत तो ६१६ असाही आहे.

कपाळ आणि हात हीच दोन ठिकाणं का? अनुवाद ६:८ काढा. देवाचं वचन हातावर बांध, डोळ्यांच्या मध्ये लाव, असं तिथे इस्राएलाला सांगितलं आहे. म्हणजे विचारावर आणि कामावर कोणाचा ताबा आहे, हा प्रश्न आहे. पुढच्याच अध्यायात कोकऱ्याचे लोक दिसतात आणि त्यांच्याही कपाळावर नाव आहे, पित्याचं (प्रकटीकरण १४:१). सुईने नकळत कोणी कोणाचा होत नाही. काळजी करायचीच तर ही करा, की विकत घेण्यासाठी आणि विकण्यासाठी मी कुणापुढे वाकतो, कुठे खोटं बिल करतो, काट्यावर कुठे बोट ठेवतो.

तयार राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या घरी वीज उशिरा आली. आई रोज दिवेलागणीच्या आधी कंदील घेऊन ओट्यावर बसायची. काच काढून चुलीतल्या चाळलेल्या राखेने, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायची. तोंडाची वाफ आत सोडून पुन्हा पुसायची. वातीचा जळलेला काठ कात्रीने सरळ कापायची. मग कंदील कानाजवळ नेऊन हलवायची. आत किती रॉकेल आहे ते तिला आवाजावरून कळायचं. रॉकेल रेशनचं, महिन्यातून एकदा मिळणारं. रात्री कुणाचं पोट दुखलं, गाय व्यायला आली, तर अंधारात शोधाशोध कधी झाली नाही.

दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघालेल्या दहा कुमारींचा दाखला (मत्तय २५:१-१३) मी त्या ओट्यावर शिकलो. त्यातली एक गोष्ट आपण वाचताना सोडून देतो : वराला उशीर लागला तेव्हा दहाही झोपल्या. शहाण्या पाचसुद्धा. झोप लागणं हा दोष नव्हता. दिवेही दहांकडे होते. फरक जादा तेलात होता, आणि ते तेल मध्यरात्री उसनं मिळालं नाही. शहाण्या मुली कंजूष होत्या असं मला वाटत नाही. काही गोष्टी उसन्या देताच येत नाहीत. बायकोच्या प्रार्थनेवर नवऱ्याचं भागत नाही. आजोबा मिशनच्या काळातले मोठे उपदेशक होते, एवढ्यावर नातवाचं भागत नाही.

तेल म्हणजे काय यावर खूप वाद आहेत. कोणी पवित्र आत्मा म्हणतं, कोणी सत्कर्मं. दाखला स्वतः सांगत नाही. पण आधीचं आणि पुढचं वाचलं तर प्रभूचा रोख कळतो. त्याच्या आधी कारभारी आहे : धनी नसताना सोबतच्या दासांना वेळेवर जेवण देणारा एक, आणि धन्याला उशीर आहे म्हणून त्यांना मारणारा, दारुड्यांबरोबर बसणारा दुसरा. कुमारींच्या नंतर तालांत आहेत, म्हणजे धन्याने दासांकडे सोपवलेले पैसे. शेवटी मेंढरं आणि शेरडं वेगळी करावीत तसा माणसांचा न्याय, आणि त्यात सहा साध्या गोष्टी : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला घर, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची भेट, तुरुंगातल्याची भेट. त्या न्यायासनापुढे कोणालाही प्रकटीकरणातल्या शिंगांचा अर्थ विचारलेला नाही.

मला विचाराल तर तयारी म्हणजे रोजचं काम उघडं असणं. दार कधीही वाजलं तरी घाईने काही लपवावं लागू नये, हिशेबाची वही नाही, मोबाइल नाही, मनातला कोपराही नाही.

तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. मग नीतिमान वागण्यावर एवढा भर कशाला?

इफिसकरांस २:८-९ सगळ्यांना पाठ असतं. दहावं वचनही पाठ करा : चांगल्या कामांसाठीच आपल्याला निर्माण केलं आहे. आणि तीताला लिहिताना पौल म्हणतो की हीच कृपा आपल्याला अभक्ती सोडायला शिकवते (तीत २:११-१३). शिकवणाऱ्या बाईंना मी फी दिली नाही, म्हणून धडा करायचा नाही, असं म्हणणारं मूल शाळेत पुढे जाईल का? फुकट मिळालं म्हणूनच मन लावून करायचं.

जुनी भांडणं, जुने गैरव्यवहार आहेत. आता इतक्या वर्षांनी उकरून काढायचे का?

हो. आणि हे मी माझ्याबद्दल सांगून सांगतो.

माझं आणि माझ्या चुलतभावाचं बांधावरून वाजलं होतं. दर वर्षी नांगरताना तो वीतभर माझ्यात सरकतो, असं माझं म्हणणं होतं. नऊ वर्षं बोलणं बंद. दोघंही एकाच मंडळीत, तो उजव्या बाजूला बसायचा, मी डाव्या. प्रभुभोजन दोघंही घ्यायचो. एका रविवारी पाळकसाहेबांनी मत्तय ५:२३-२४ वाचलं. वेदीजवळ दान आणलं असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. मी जागचा उठलो नाही. भाकर हातात घेतली आणि खाल्ली. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

संध्याकाळी त्याच्या गोठ्यावर गेलो. तो धार काढत होता. मी “दादा” म्हणालो, पुढचं काही सुचेना. त्याने बादली बाजूला ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, “आधी चहा घे.” पुढच्या महिन्यात दोघांनी मिळून मोजणीचे पैसे भरले. मोजणीदाराने साखळी ओढली, जुने दगड शोधले. अर्धा गुंठा जास्त निघाला तो माझ्याकडे.

नऊ वर्षं मी स्वतःला अन्याय झालेला समजत होतो. त्या नऊ वर्षांत प्रभू आला असता तर? हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही, म्हणून प्रत्येक वर्गात सांगतो.

पैशाचा व्यवहार असेल तर आधी पैसे, मग शब्द. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत देतो म्हटलं (लूक १९:८). चोरलेल्या मेंढराची चार मेंढरं हे नियमशास्त्रातलंच माप होतं. गणना ५:५-८ मध्ये घेतलेल्यावर पाचवा हिस्सा घालून परत द्यायला सांगितलं आहे, आणि ज्याचं घेतलं तो उरला नसेल, त्याचा कोणी नातेवाईकही नसेल, तर ते परमेश्वराला द्यायचं. म्हणजे ‘तो माणूसच आता नाही’ ही सबबही शास्त्राने ठेवलेली नाही. अब्रूचा मामला असेल, दुसऱ्याचा संसार मोडण्यासारखी गोष्ट असेल, तर मात्र एकट्याने जाऊन बोलू नका. आधी भरवशाच्या पाळकाशी बोला.

शेवट जवळ असेल तर घर बांधावं का? मुलांच्या शिक्षणाला कर्ज काढावं का? जमीन विकून सगळं सेवेला द्यावं का?

यिर्मया ३२ वाचा. बाबेलच्या फौजेने यरुशलेमेला वेढा घातला आहे, संदेष्टा स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे, आणि शहर पडणार हे त्यानेच सांगितलं आहे. अशा वेळी देव त्याला अनाथोथ इथलं चुलतभावाचं शेत विकत घ्यायला सांगतो. सतरा शेकेल चांदी तोलून दिली. खरेदीखत झालं, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. ज्या देवाने शेवट सांगितला त्यानेच सातबारा जपून ठेवायला लावला, असं मी वर्गात सांगतो तेव्हा शेतकरी माणसं खूश होतात.

थेस्सलनीकात काहींनी काम सोडलं होतं. पौलाने त्यांना काम करून आपलीच भाकर खायला सांगितलं (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०-१२). केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी जागृती झाली, मुली तासन्‌तास प्रार्थनेत असायच्या. त्याच आवारात शेती होती, माग होते, छापखाना होता. ते मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत शास्त्राचं भाषांतर करत होत्या, ते त्यांनी १९२२ साली देवाघरी जाईपर्यंत सोडलं नाही.

तेव्हा घर बांधा, मुलांना शिकवा. ‘प्रभू येतोय, सगळं आमच्या नावावर करा’ असं कोणी म्हणालं तर त्याच्यापासून दूर राहा. ऐपतीबाहेरचं कर्ज काढून लग्नात हजार पानं उठवणं हा वेगळा विषय आहे, त्याला प्रभू उद्या येवो की शंभर वर्षांनी, माझा विरोधच आहे.

धंद्यात आणि शेतीत नीतिमान कसं राहायचं? सगळेच थोडंफार करतात.

याकोबाचा पाचवा अध्याय या प्रश्नासाठीच लिहिला आहे असं मला वाटतं. शेवटल्या दिवसांसाठी धन साठवणाऱ्यांना तो म्हणतो की तुमच्या शेताची कापणी करणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे (५:३-४). मजूर ओरडतो असं म्हणून तो थांबत नाही, मजुरीच ओरडते म्हणतो. आमच्या भागात कांदा काढणीला बायका येतात. शनिवारी बाजार असतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणारे मालक असतात. त्यात रविवारी उपासनेत बसणारेही असतात. त्या बाईचा शनिवारचा बाजार बुडतो, म्हणजे त्या घरात आठवडाभर तेल-मीठ नाही. अनुवाद २४:१५ मध्ये मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे. ऊसतोडीचा मुकादम असो, बांधकामाचा ठेकेदार असो, घरी भांडी घासणाऱ्या मावशींचे पैसे असोत, नियम एकच.

आणि लगेच पुढे याकोब शेतकऱ्याकडे वळतो. तो जमिनीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत धीर धरतो. तसा तुम्हीही धरा, प्रभूचं येणं जवळ आहे (५:७-८). त्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबरच्या सुमाराला, शेवटचा मार्च-एप्रिलात. आपल्याकडे मृग आणि परतीचा. पावसाची वाट पाहणारा शेतकरी हात बांधून बसत नाही, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ढेकळं फोडलेली असतात, बी राखलेलं असतं.

घरकामातून, ड्यूटीतून वेळ मिळत नाही. किती प्रार्थना, किती उपवास पुरे?

याचं माप शास्त्रात नाही. सकाळी वचन आणि थोडी प्रार्थना रोज असावी, मंडळीत जाणं सोडू नये. तो दिवस जवळ येताना दिसतो तसं तर मुळीच सोडू नये (इब्री १०:२५). बाकी एवढंच बघा की लूक १७:३५ मध्ये दोघी कुठे आहेत : एका जात्यावर दळत आहेत. प्रभू येईल तेव्हा एकीला घेतलं जाईल ती दळतानाच. दळण टाकून देवळात बसली होती असं म्हटलेलं नाही.

संकटकाळाच्या, म्हणजे शेवटच्या मोठ्या छळाच्या, आधी विश्वासणारे प्रभूकडे वर उचलले जातील की नंतर? ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य खरं की आध्यात्मिक?

भल्या, देवभीरू माणसांची यावर वेगवेगळी मतं आहेत. आधी उचललं जाण्याची शिकवण आजच्या रूपात एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकांपासून पसरली; त्याआधीच्या मंडळ्या ती अशी मानत नव्हत्या, आणि वसईचे आपले कॅथलिक बंधू आजही मानत नाहीत. विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, सगळे मिळून एवढंच म्हणतो की तो जिवंतांचा व मृतांचा न्याय करायला पुन्हा येईल. माझा आग्रह तेवढ्यावरच आहे. शेवटच्या काळाचा क्रम दाखवणाऱ्या तक्त्यावरून मंडळी फुटलेली पाहिली आहे, पुन्हा पाहायची नाही.

मुलं हे ऐकून घाबरतात. त्यांना काय सांगायचं?

संडे स्कूलमधली एक मुलगी शाळेतून घरी आली, घरात कोणी नव्हतं, चुलीवर भात तसाच. सगळे वर गेले आणि मीच मागे राहिले, असं वाटून ती दारात रडत बसली होती. आई पाण्याला गेलेली. हे ऐकल्यापासून मी लहान मुलांपुढे संकटकाळाची चित्रं काढणं बंद केलं. पौल ही सगळी गोष्ट सांगून शेवटी म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा (१ थेस्सलनीकाकरांस ४:१८). मुलांना सांगा की जो येणार आहे तो तोच, ज्याने लेकरांना मांडीवर घेतलं. अनोळखी कोणी येणार नाही.

घरातले, शेजारचे ख्रिस्ती नाहीत. त्यांना इशारा द्यायला नको का?

आशेचं कारण विचारलं तर सांगा, पण सौम्यतेने आणि आदराने (१ पेत्र ३:१५). पेत्राने ‘विचारणाऱ्याला’ म्हटलं आहे. आपलं जगणं पाहून कुणी विचारत नसेल तर आधी जगण्याकडे पाहू या. भीती घालून, आमिष दाखवून कोणी प्रभूचा होत नाही, आणि तसं करणं स्वतःच अनीती आहे.

मी ठरवतो आणि पुन्हा त्याच पापात पडतो. माझी तयारी कशी होणार?

प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्रालाच प्रभूने मेंढरं सांभाळायला दिली. पाप कबूल करा (१ योहान १:९), त्याच दिवशी करा, आणि दारूचं किंवा मोबाइलवरचं व्यसन असेल तर एका माणसाला नावानिशी सांगा. एकट्याने लढू नका. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास नाही.

प्रभू यायच्या आधी मी मेलो तर ही सगळी वाट पाहणं फुकट का?

थेस्सलनीकातल्या लोकांनीही हेच विचारलं होतं. त्यांची काही माणसं वारली होती. पौल म्हणतो, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, जिवंत उरलेले त्यांच्या पुढे जाणार नाहीत (१ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१७). मागे कोणी राहत नाही.

आई गेली त्या रात्री शुद्धीवर होती. तिच्या आवडीचं भजन म्हटलं, प्रार्थना झाली. मग तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही मोठं सांगेल. ती म्हणाली, “दूधवाल्याचे या महिन्याचे राहिलेत. आणि पलीकडच्या काकूंचं पातेलं फडताळात आहे, रिकामं देऊ नकोस.” पहाटे ती गेली. माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी दूधवाल्याचे पैसे दिले, पातेल्यात थोडे तांदूळ घातले आणि काकूंकडे नेऊन दिलं.